सहा मैलांसाठी लॉरी

अण्णा खांबेट्यांनी जन्मात बैलसुद्धा स्वतः पारखून विकत घेतला नव्हता. त्यांच्यावर लॉरी घेण्याची पाळी आली, कारण त्यांना मोडी वाचता येत असे.

मोडी वाचता येणे हा गुन्हा नव्हे, असे बाहेरचा माणूस म्हणेल. गावाचे मत निराळे होते. देवीच्या जमिनीची जुनी सनद कोर्टात दाखल झाली, तेव्हा ती वाचून दाखवण्यास मुनसफांनी अण्णांना उभे केले, आणि अण्णांनी ती जशी होती तशी वाचली. त्या जमिनीच्या भातातला तिसरा हिस्सा महारवाड्याचा, असे तीत लिहिले होते. साठ वर्षे तो हिस्सा गावचे मानकरी खात आले होते. इतके दिवस पचलेली गोष्ट कागदावर निराळी निघावी, हा खरे म्हणजे कागदाचा उद्धटपणा. परंतु कागदाला वाळीत टाकता येत नाही. म्हणून अण्णांना टाकले.

या शिक्षेचे सौंदर्य असे की तीत कोणी काहीच करत नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. न्हावी येत नाही, दूध येत नाही, पाणवठ्यावर गेले की बाकीच्या बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालू लागतात. शिमग्यात देवीची पालखी घरोघर नाचते; तुमच्या दारासमोर मात्र ढोल थांबतो आणि भोई पावले झपझप उचलतात. जो तुमच्याशी बोलेल त्याला दंड. जो गाडी देईल किंवा खांदा देईल, त्याच्या घरालाही तेच. पिनल कोडात याला कलम नाही, कारण न केलेल्या गोष्टींवर खटला भरता येत नाही.

अण्णांनी चार महिने हे सगळे ग्रंथ वाचावा तसे तटस्थपणे पाहिले. शके १८५४च्या फाल्गुनात तटस्थपणा संपला, कारण कमलेला नववा सरत आला होता.

तिची दोन मुले गेली होती. पहिले आडवे आले आणि घरीच गेले. दुसऱ्या खेपेस तिला डोलीतून रत्नागिरीस नेली. मूल गेले, ती कशीबशी राहिली. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात पुसत अण्णांना बजावले होते, "पुन्हा दिवस राहिले तर कळा येण्याआधी पंधरा दिवस इथं आणून ठेवायची. कळा लागल्यावर आणलीत, तर मग माझ्याकडे बघू नका."

रत्नागिरी पंधरा मैलांवर. मोठ्या सडकेवरच्या हातखंब्यापासून पुढचे नऊ मैल सर्व्हिस मोटार नेत असे. प्रश्न होता गावापासून मोठ्या सडकेपर्यंतच्या सहा मैलांचा. अण्णा गाडीसाठी गावात फिरले, दारे लागली. शेजारच्या दोन गावांत फिरले; तिथे आधीच निरोप पोचला होता. डोलीला चार खांदे लागतात. ते चार तालुक्यात मिळेनात. सर्व्हिस मोटारीचा मालक हात जोडून म्हणाला, "तुमच्या गावचे मुंबईचे चाकरमानी शिमग्याला माझ्याच गाडीनं येतात, शास्त्रीबुवा. माझ्या पोटावर पाय आणू नका." असे पंधरापैकी सात दिवस गेले.

आठव्या दिवशी अण्णांना एक विचार सुचला, आणि तो त्यांना फार तर्कशुद्ध वाटला. भाड्याने काही घ्यायचे तर माणूस लागतो, आणि प्रत्येक माणसाला गाव असते. यंत्राला गाव नसते. त्यांनी तो कमलेला सांगितला. तिने पाटल्या उतरवल्या. गोठ निघेनात, हाताला सूज होती, तेव्हा साबण लावून उतरवले.

"लॉरी म्हणजे केवढी असते हो?" तिने विचारले.

"आपल्या पडवीएवढी."

"मग पुढं काय करायचं तिचं?"

"पुढचं पुढं," अण्णा म्हणाले. त्यांना पुढचे काही दिसत नव्हते.

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला भिकाजीशेठ नावाचा गृहस्थ होता. मोटारींच्या चढाओढीत त्याचा धंदा बसला होता आणि तीनपैकी एक लॉरी तो विकणार होता. ती पाहण्यापूर्वी अण्णांनी एक अशी गोष्ट केली की जी केवळ वाचलेला माणूसच करील. ते वाचनालयात गेले, मोटारीच्या यंत्रावरचे एक जाडे इंग्रजी पुस्तक काढले, आणि चार दिवस ते टिपणे घेत वाचले. पेट्रोलची वाफ कशी होते, ठिणगी कशी पडते, पाणी कोठून खेळते, हे सर्व त्यांनी आत्मसात केले. चाके आणि गाडी चालवणे ही प्रकरणे त्यांनी सोडून दिली. त्यात तत्त्व असे काही नव्हते.

पाहायला जाताना त्यांच्याबरोबर काशीराम होता. बरोबर म्हणजे मागून, एक फर्लांगभर अंतर राखून. काशीराम कुणबी, स्वतःच्या बैलगाडीने वीस वर्षे अण्णांचे भात आणि पेंढा वाहणारा. वाळीत पडल्या दिवसापासून त्याने गाडी बंद केली होती, आणि त्याबद्दल तो एकदा अंधारात कुंपणापाशी येऊन रडला होता. गाडी देण्यास बंदी होती. दुसऱ्या गावी, कोणी पाहत नसताना सल्ला देण्यास बंदी आहे असे कोणी म्हणाले नव्हते. शहराची वेस लागल्यावर तो धावत येऊन अण्णांना मिळाला.

लॉरी भिकाजीशेठच्या वखारीत फाटकाकडे तोंड करून उभी होती. लाकडी सांगाडा, वर कॅनव्हासचे छत, पितळी भोंग्याला रबरी गोळा. रंग एके काळी हिरवा असावा.

"या, शास्त्रीबुवा!" भिकाजीशेठ म्हणाला. "लक्ष्मी आहे बघा. सहा वर्षं आंबा घाटातून गूळ ओढलाय. एक दिवस आजारी नाही."

"मग इकताव कशाला?" काशीरामने विचारले.

"मुलगी मोठी झाली की देतोच ना आपण?"

"मुलगी देताना हुंडा बापूस देतो, शेट."

भिकाजीशेठ मोकळेपणाने हसला. बाबू नावाचा त्याचा ड्रायव्हर चाकावर पाय टेकून विडी ओढत होता, तोही हसला. अण्णा हसले नाहीत. ते खिशातून टिपणांचा कागद काढून यंत्रात डोकावले आणि एकेका भागाचे इंग्रजी नाव विचारू लागले. बाबूला त्यांतली निम्मी ठाऊक नव्हती. भिकाजीशेठला एकही ठाऊक नव्हते, पण त्याने प्रत्येक नावाला आदराने मान डोलावली.

काशीरामची परीक्षा निराळी होती. तो लॉरीभोवती एक फेरी मारून आला. प्रत्येक चाकावर थाप मारली, खाली वाकून पोट पाहिले, दांड्याला धरून हिसका दिला.

"खाती काय?"

"पेट्रोल," बाबू म्हणाला.

"आनी पानी?"

"चढावर पिते. बैलापेक्षा कमी."

"लाथ मारती?"

"मारते तर! हँडल फिरवताना मनगट सांभाळ. मागल्या साली माझंच मोडलं होतं."

"मग हाय जनावर," काशीराम समाधानाने म्हणाला, आणि त्याने लॉरीत जांभ्याचे चिरे भरायला लावले. शंभर चिरे भरून ती नाचणे गावच्या चढावर नेली. भर चढात थांबवून पुन्हा चालू करायला लावली, उतारावर ब्रेक दाबायला लावले, वळणावर झुकते का ते उतरून पाहिले. अण्णांनी कान देऊन यंत्राचा आवाज ऐकला आणि पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहिला. लॉरीने सगळे केले. परत येताना बाबूने वखारीच्या अंगणात मोठा गोल वळसा घेऊन तिला पूर्वीसारखी तोंड फाटकाकडे करून उभी केली. अण्णांना त्यात एक प्रकारची तत्परता दिसली.

"बाबू महिनाभर तुमच्याकडे," भिकाजीशेठ म्हणाला. "हिच्या सगळ्या खोडी त्याला पाठ आहेत."

खोडी कोणत्या, असे दोघांनीही विचारले नाही. खोड नसलेले जनावर काशीरामने पाहिले नव्हते, आणि खोड हा विषय अण्णांच्या पुस्तकात नव्हता. भाव ठरेपर्यंत आणखी तीन दिवस मोडले. भिकाजीशेठच्या गरजेपेक्षा अण्णांची गरज मोठी आहे हे कळायला त्याला फारसे पुस्तक लागले नाही. चौदाव्या दिवशी दिवस मावळताना लॉरी गावात शिरली. रस्त्यावर कोणी नव्हते. पण प्रत्येक खिडकीच्या गजांमागे डोळे होते. बाबूने देवळासमोरच्या मैदानात वळसा घेतला आणि अण्णांच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दारापाशी, लॉरी उभी केली, अर्थातच तोंड रस्त्याकडे करून.

पंधरावा दिवस उजाडण्याची वाट न पाहता पहाटेच कमलेला कळ आली.

लॉरीत पेंढा पसरून, त्यावर दोन गाद्या टाकून तिला निजवली. अण्णा तिच्या उशाशी बसले. पहिले तीन मैल बरे गेले. कातळाचा उघडा सडा ओलांडून रस्ता घळीत उतरतो, तिथे दोन्ही बाजूंना पुरुषाहून उंच जांभ्याच्या कडा आहेत आणि मध्ये एका गाडीपुरती वाट. त्या वाटेवर अर्धा फर्लांग उतरल्यावर खालून ढोल ऐकू आला. बाबूने ब्रेक दाबले.

देवीची पालखी शेजारच्या गावच्या बहिणीची भेट घेऊन परत येत होती. पुढे अब्दागिरी, मागे ढोल-ताशे, गुलालाने माखलेली चाळीसेक माणसे. सर्वांच्या पुढे महिपत, गावचा पहिला मानकरी. साठ वर्षे भात खाणाऱ्या घराण्याचा तो सध्याचा वारस.

महिपतने लॉरी पाहिली, अण्णांना पाहिले, आणि तो बाबूशी बोलू लागला. अण्णांशी बोलणे त्याला वर्ज्य होते. कायदा त्यानेच केला होता.

"ओ डायवर! मागं घ्या. देवी माघारी वळत नाय."

"मागं जात नाय," बाबू म्हणाला.

"काय जात नाय?"

"गाडी. मागं जायचा दात तुटलाय. दोन वर्सं झाली."

अण्णा पाठीमागून उतरून पुढे आले. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलात कुटं?" बाबू गोंधळून म्हणाला. "मला वाटला, शेटनी सांगितला असंल. म्हणून तर रोज वळसा घेतो मी."

पालखीच्या पुढच्या दांड्याखाली काशीराम होता. त्याच्या तोंडाचा गुलाल घामाने ओघळला होता. त्याने अण्णांकडे पाहिले नाही. तो जांभ्याच्या कडेशी बोलला. "गाडीला मागंबी जावा लागतंय, ता डोक्यातच नाय आला. बैल कदी मागं जातंय व्हय? वळवून घ्यायचा, दुसरा काय…"

"काशीराम, कोनाशी बोलतंस?" महिपतने विचारले.

"दगडाशी," काशीराम म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

लॉरीतून कमलेचा आवाज आला. तो ओरडण्याचा नव्हता, ओठ दाताखाली दाबल्यावर उरतो तसला होता. अण्णांनी तो ऐकला, आणि त्या क्षणी जे बोलायचे ते न बोलता भलतेच बोलले. "पालखी माघारी वळत नाही, असा नियम नाही. देवळाच्या दप्तरात नोंद आहे. ओढ्याला पाणी होतं म्हणून पालखी याच घळीतून मागं नेली होती. एकदा नव्हे, दोनदा. तारखेसकट दाखवतो."

चाळीस तोंडे त्यांच्याकडे वळली. त्यांतल्या कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. एका वृद्धाच्या चेहऱ्यावर तर कीव होती.

"डायवर," महिपत शांतपणे म्हणाला, "तुमच्या मालकाला सांगा, वाचून वाचून हितवर आलास. अजून वाचतोस?"

मग अण्णा खाली बसले. बसले म्हणजे कोसळले नाहीत; रस्त्याच्या तांबड्या मातीत नीट गुडघे टेकून त्यांनी हात जोडले, आणि ज्या माणसाशी चार महिने बोलले नव्हते त्याला म्हणाले, "महिपत, तिला कळा येताहेत. याही खेपेस मूल आडवं असेल. तू म्हणशील ते लिहून देतो. सनद मी चुकीची वाचली, असं लिहून देतो. वाट दे."

महिपतने लॉरीच्या दोन्ही अंगांकडे पाहिले. एक माणूस कसाबसा सरकेल एवढीच जागा होती. त्याला दया आली असती तरी वाट देता आली नसती, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला फार सोयीची होती.

"मागं ढकलायला हवी," कोणी तरी म्हणाले.

"हात लावायचा?" दुसरा म्हणाला. "वाळीतल्या वस्तूला?"

या प्रश्नावर गाव थबकला. धर्मसंकट खरे होते. लॉरीला हात लावावा तर चाळीस घरांना दंड. न लावावा तर देवी उन्हात उभी. शास्त्रात अशा प्रसंगी सूक्ष्म बुद्धीची गरज असते आणि महिपतकडे ती होती. त्याने डोईचे मुंडासे सारखे केले, पालखीसमोर उभा राहिला आणि गाऱ्हाणे घातले:

"आई, म्हाराजा! तुज्या वाटेत जा काय आडवा आला हाय, ता बाजूला करताना लेकरांचा हात लागंल. वस्तू कोनाची, ता आमी बगत नाय. त्याचा दोष तुज्या लेकरांवर येव देव नुको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस जण म्हणाले.

"हाताला बळ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पालखी चौघांनी धरून ठेवली आणि बाकीचे पुढे झाले. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी आपापल्या दारात अण्णांकडे पाठ फिरवली होती त्यांनी लॉरीच्या तोंडाला खांदे लावले. चढ होता. हातभर जाई, चाकाखाली दगड ठेवत, श्वास घेत, पुन्हा आरोळी. लॉरी गावाच्या दिशेने, उलटी, वर चढू लागली.

अण्णा बाजूने चालत होते. त्यांनी मोजले नव्हते, तरी त्यांना दिसत होते: डोलीला चार खांदे लागले असते. समोर पालखी होती, म्हणजे मखमलीने मढवलेली डोलीच, आणि तिच्याखाली चार धट्टेकट्टे भोई. उलट दिशेने मोठी सडक तीन मैल. एवढे बळ, एवढी आरोळी, एवढी एकजूट त्यांच्या दारात रोज झोपत होती आणि उठत होती. बोलण्यासारखे एकच वाक्य होते, आणि ते म्हणण्यासाठी समोरच्या कोणाला तरी ते कळावे लागले असते.

अर्धा फर्लांग चढवायला तासाहून अधिक वेळ लागला. सड्यावर वाट रुंद झाली, पालखी पुढे आली, आणि मोकळ्या जागी पोचताच रिवाजाप्रमाणे ती नाचवली. लॉरीतला आवाज ढोलात बुडाला. मग ढोल गावाकडे गेला. काशीराम वळून पाहील असे अण्णांना वाटले होते. त्याच्या खांद्यावर दांडा होता. दांड्याखालच्या माणसाला वळता येत नाही.

बाबूने हँडल फिरवले. यंत्र तापले होते. अकराव्या खेपेस ते सुरू झाले.

डॉक्टरीणबाईंनी तपासले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. त्या अण्णांना रागावल्या नाहीत. "तासभर आधी आणायला हवी होतीत," एवढेच म्हणाल्या, आणि आत गेल्या. मुलगी होती. संध्याकाळी अण्णा आणि बाबू यांनी तिला समुद्राच्या बाजूच्या वाळूत ठेवली. खड्डा बाबूने खणला. मूठ मूठ वाळू टाकताना तो सारखा "मला वाटला शेटनी सांगितला असंल" असे म्हणत होता, आणि अण्णा "असू दे" म्हणत होते.

कमला दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आली. तिला सांगावे लागले नाही. ती म्हणाली, "अहो, मध्ये गाडी उलटी चालली होती ना?"

"हो."

"आणि पुष्कळ माणसं होती. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत होती." तिचा आवाज कोरडा होता. अण्णांनी चमच्याने पाणी घातले. "मला वाटलं, गाव आला आपल्याला न्यायला. मिटलं सगळं. आता घरीच होईल, आपल्या माजघरात. बायका येतील, पाणी तापवतील. तेवढा वेळ ना, कळसुद्धा थांबली होती. खरंच थांबली होती हो."

अण्णांनी चमचा वाटीत ठेवला.

"कोण कोण आलं होतं?" तिने विचारले.

अण्णांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. "महिपत होता," ते म्हणाले. "काशीराम होता. धोंडू गुरव. रामा, त्याचे दोघे भाऊ. वरच्या वाडीचा भागोजी."

"आणखी?"

तिने डोळे मिटले होते आणि मान त्यांच्याकडे कलती केली होती. अण्णा पुढची नावे घेऊ लागले, सावकाश, बापाच्या नावासकट. एकही सुटू नये म्हणून त्यांनी घळीतली रांग डोळ्यांपुढे आणली आणि डावीकडून सुरुवात केली.